हुक्केरीअण्णांची पोटदुखी

उडप्याच्या हॉटेलात इडली पुढ्यात आली की हुक्केरीअण्णा आधी तिची जाडी मोजत. इतर माणसं शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तिथं त्यांचं मोजमापाचं व्हर्निअर असे. ते बाहेर काढायचं, इडलीच्या काठाला लावायचं, डोळे बारीक करायचे. "मधे जाड, काठाला पातळ. टॉलरन्सच्या बाहेर जातंय बघ," असं वेटरला बजावायचं आणि मग चारही इडल्या चवीनं खायच्या. वेटरला सवय झाली होती. तो "सरी अण्णा, सरी" म्हणून चटणी वाढून जाई.

आमच्या वसाहतीला लागून यंत्रं बनवण्याचा सरकारी कारखाना होता. अण्णा तिथं तपासनीस. एखादा सुटा भाग ठरल्या मापापेक्षा केसभर इकडेतिकडे झाला तर किती चालेल, याला तिथं टॉलरन्स म्हणत. कारखान्यातला माल दिवसभर तपासून अण्णांची हौस फिटत नसे, म्हणून घरी येऊन ते आमचा माल तपासत. आईच्या पोळ्यांचा गोलपणा, बाबांच्या धोतराचा सोगा, मल्लेश्वरमच्या बाजारातली वांगी, गणपतीच्या मखराचा कोन, काहीही सुटत नसे. पहिल्या फटक्यात काही पास झाल्याचं वसाहतीत कोणाला आठवत नव्हतं.

ते मूळचे बेळगावकडचे. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एकटेच राहत. आईनं एकदा धीर करून लग्नाचं विचारलं, तर म्हणाले, "सात ठिकाणी बघायला गेलो होतो की वहिनी. सातीजणींनी मला रिजेक्ट केलं. त्यांचं काही चुकलं नाही." आणि लगेच आमच्या दाराची बिजागरी वाकडी असल्याचं दाखवून दिलं.

तर अशा माणसाच्या हातात माझं नशीब गेलं, त्याची ही गोष्ट.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी नुकतीच एसएसएलसी, म्हणजे तिकडची मॅट्रिक, पास झाले होते आणि मला नर्स व्हायचं होतं. धाकट्या भावाचा हात मोडला तेव्हा आठ दिवस मी इस्पितळात त्याच्या उशाशी बसले होते. तिथल्या नर्सबाईंची चाल माझ्या मनात भरली. घाई असूनही धावत नसत. आपल्यालाही असं चालता आलं पाहिजे, एवढंच माझं ध्येय होतं, आणि ते मी घरात बोलून दाखवलं.

घरात जो गोंधळ उडाला तो उडाला. सांगलीहून आत्याचं पत्र आलं, "आपल्यातल्या मुली परक्यांची भांडी घासत नाहीत, तिथं तर त्याहूनही पुढची कामं असतात." बाबा तसे मऊ मनाचे. कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात बसून रेघा मारणारा माणूस. पोरीला तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांना जमेना. मग त्यांनी एक युक्ती काढली.

"हुक्केरी जी शाळा पास करतील, तिच्या फॉर्मवर मी सही करीन," ते म्हणाले.

आई माझ्याकडे बघायला लागली. मी रडायला लागले. म्हणजे कायमचं नाहीच की! फॉर्म भरायला तीन आठवडे उरले होते, आणि अण्णांनी आयुष्यात काही पास केलं नव्हतं.

अण्णांनी मात्र हे काम असं अंगावर घेतलं, की जणू दिल्लीहून हुकूम आला होता. बंगळुरात तेव्हा नर्सिंगच्या ज्या शाळा होत्या त्यातल्या तीन त्यांनी निवडल्या. नावं सांगत नाही. तिन्हीकडे पुढे माझ्या मैत्रिणी झाल्या. शाळांची माहितीपत्रकं मी आणून दिली, तर त्यांनी बाजूला सारली.

"पत्रकात काय, कुणीही काहीही छापतंय. माल बघायचा तर गिऱ्हाईक होऊन बघायचा."

"म्हणजे काय करणार?"

"ॲडमिट होणार. शाळेच्या पोरी वॉर्डात काम करत असतात की नाही? कॉटवर पडून बघतो."

आणि या धडधाकट माणसानं अकरा वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली. कारखान्यात सगळ्यांना वाटलं, कोणीतरी गेलं. आम्हांला त्यांनी एकच ताकीद दिली होती: तपासणी गुप्त आहे, कोणी भेटायला यायचं नाही.

पहिल्या इस्पितळात "पोटात दुखतंय" म्हणून ते दोन दिवस राहिले. परतले ते अकरा पानांचा अहवाल घेऊन. बाबांसमोर उभं राहून त्यांनी तो वाचला. "नाडी पंधरा सेकंद मोजली आणि चारानं गुणली. माझ्याजवळ स्टॉपवॉच होतं. हा शॉर्टकट! चादरीच्या कोपऱ्याची घडी पंचेचाळीस अंशांत पाहिजे. माझ्या कॉटचा एक कोपरा त्रेचाळीस भरला. थर्मामीटर..." स्वतःचा थर्मामीटर त्यांनी कारखान्यातून तपासून नेला होता आणि नर्स तोंडात थर्मामीटर देई तेव्हा हा काखेत लावत. दोन्हींत फरक आला. येणारच की! काखेतला नेहमी कमीच दाखवतो, पण हे त्यांना सांगणार कोण?

"शिवाय एनिमा दिला," आई आत गेल्यावर ते हळूच म्हणाले. "तो मात्र टॉलरन्समध्ये होता."

निकाल: रिजेक्ट. बाबांनी सुस्कारा सोडला, तो सुटकेचा होता हे मला कळलं.

दुसऱ्या खेपेला अण्णांचा अण्णांनीच घात केला. पहिल्या ठिकाणी दुखणं नीट सांगता आलं नाही, याची त्यांना खंत होती. म्हणून त्यांनी वाचनालयातून वैद्यकाचं पुस्तक आणलं आणि अपेंडिक्सची लक्षणं पाठ केली. कामात कसूर कशी करायची? डॉक्टरांनी पोटात उजवीकडे खाली दाबलं, अण्णा ओरडले. दाबलेला हात झटकन सोडला, तर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दुप्पट ओरडले. डॉक्टर म्हणाले, इतकी स्पष्ट केस पाहिलीच नाही. तासाभरात वस्तरा घेऊन माणूस आला आणि पोटावरचे केस काढून गेला. पुढची तयारी बघून अण्णा काय ते समजले आणि इस्पितळाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात मागच्या दारानं निघून थेट बसमध्ये चढले.

दुसऱ्या दिवशी तो पायजमा धुऊन, इस्त्री करून त्यांनी परत पाठवला. सोबत चिठ्ठी: 'नाडी दोन इंच आखूड आहे.' मी हसून हसून लोळले. पण ती शाळाही गेली, आणि फॉर्मचे दोन आठवडेही.

"राहू दे आता," बाबा म्हणाले. "नशिबात नाही पोरीच्या."

"तिसरं राहिलंय की," अण्णा म्हणाले आणि सोमवारी पिशवी घेऊन निघाले. या खेपेला "स्वल्प दुखतंय" एवढंच सांगणार होते.

बुधवारी यायचे, ते आले नाहीत. गुरुवारी नाहीत. शुक्रवारी आईनं त्यांच्या कुलूप लावलेल्या दाराकडे दहादा पाहिलं. "खरंच कापलं तर नसेल ना हो पोट?" फॉर्मची शेवटची तारीख पुढचा सोमवार. मी कोरा फॉर्म ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला होता.

शनिवारी संध्याकाळी अण्णा आले. केस नीट विंचरलेले, हातात कागदाचं चिटोरं नाही.

"अहवाल?" बाबांनी विचारलं.

"लिहिला नाही." अण्णा खुर्चीवर बसले. "तिथं घाला पोरीला."

"पास?" बाबांचा आवाज चिरकला. "काय काय तपासलंत?"

"काही नाही तपासलं. राहूनच गेलं." मग म्हणाले, "तिथं भेटायची वेळ चार ते सहा. चारला घंटा झाली की माणसं येतात. डबे काय, पोरं काय. वॉर्ड कसा लग्नघरासारखा होतोय. माझ्याकडं कोण येणार? मीच तुम्हांला येऊ नका म्हटलेलं. तरीपण नजर आपली दाराकडं. एक पोरगी होती, पहिल्या वर्षाची, कोलारकडची. तिनं बघितलं. 'येनु अप्पा, यारू बरलिल्ला?' कुणी आलं नाही का म्हणून विचारलं, आणि स्टूल ओढून बसली. त्यांच्या गावातल्या कोंबड्यांचं सांगत बसली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी मी साडेतीनलाच भांग पाडून तयार."

आईनं पुढे केलेलं पाणी पिऊन अण्णा पुढे सांगू लागले.

"आज मोठ्या सिस्टर म्हणाल्या, अप्पा, आता घरी जावा. तुमच्या पोटाला काही झालेलं नाही हे आम्हांला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी म्हटलं, मग पाच दिवस ठेवून का घेतलं? म्हणाल्या, वॉर्ड अर्धा रिकामाच होता, आणि चांगला माणूस उगाच इथं येऊन पडत नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. खूप वेळ पुसला. मग मला म्हणाले, "फॉर्म आण." मी ट्रंक उघडायला धावले, तर घाईत कडी निघेना. बाबांनी सही केली, खाली ठळक रेघ मारली. ड्रॉइंग ऑफिसची सवय, दुसरं काय.

आईला मात्र राग आला होता. "गुप्त तपासणी म्हणे! पाच दिवस दाराकडे बघत पडलात, आणि आम्ही इथं हातपाय असून बसलो होतो. उद्यापासून कारखाना सुटला की कॉफी इथं. ऐकून घेणार नाही."

"कॉफीत चिकोरी जास्त घालता तुम्ही," अण्णा म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी आले.

मग त्यांनी माझी मुलाखतीची तयारी करून घेतली. मुलाखतीआधीच्या दोन आठवड्यांत मी वसाहतीतल्या प्रत्येकाची नाडी मोजली, पूर्ण साठ सेकंद. अण्णांची रोज दोनदा. मुलाखतीत मला फक्त विचारलं, रडू येईल का घरच्या आठवणीनं? मी म्हटलं, येईल. घेतलं त्यांनी.

वसतिगृहात भेटायला फक्त रविवारी परवानगी, तीही फक्त नातेवाइकांना. पहिल्या रविवारी भावाला ताप होता म्हणून आईबाबा येऊ शकले नाहीत. मी जिन्यात उभी राहून फाटकाकडे बघत होते, आणि अण्णा कसे वाट बघत असतील ते मला तेव्हा कळलं. तेवढ्यात तेच दिसले. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, समोर आमच्या वॉर्डनबाई वही घेऊन उभ्या.

"नातेवाईक नसेल तर सोडता येत नाही," बाई सांगत होत्या.

"सरी सरी. नियम म्हणजे नियम," अण्णा म्हणाले आणि वळायला लागले. "शेजारी आहे मी. एवढा डबा तेवढा पोचवा."

"नाव काय?"

"श्रीपाद हुक्केरी."

बाईंनी वहीत बोट फिरवलं. प्रवेशाच्या दिवशी मुलीला कोण कोण भेटायला येईल ते पालकांकडून लिहून घेत. "आहे की नाव. मुलीच्या वडिलांच्याच हातचं. श्रीपाद हुक्केरी, काका."

अण्णा वहीवर वाकले. मग सरळ झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "परत एकदा बघू?"

बाईंनी दाखवलं. त्या दिवशी बाकावर बसून आम्ही तासभर बोललो. काय बोललो ते आठवत नाही. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा जाता जाता त्यांनी वही तिसऱ्यांदा मागितली, आणि माझ्यासाठी आणलेला डबा द्यायचा विसरून तो तसाच काखेत घेऊन बसमध्ये चढले.