दुसरी सीट परत द्या!

जिनाप्पा अण्णा खुर्चीत बसले की आधी सीटबेल्ट लावतात. खुर्ची मंडपवाल्याची, लाल प्लॅस्टिकची. बेल्ट भंगारात निघालेल्या एका जीपचा, खुर्चीच्या पाठीला तारेनं आवळलेला. समोर टेबल, टेबलावर संगणक, टेबलाच्या कडेला पक्कं बसवलेलं स्टिअरिंग, खाली पायाशी तीन पेडल. टेबलाच्या पुढच्या दोन पायांपुढं एकेक लिंबू. नव्या प्रवासाला निघताना अण्णा टेबल जरासं पुढं ढकलतात, लिंबं चिरडतात, आणि मग गाडी हलते. गाडी म्हणजे पडद्यावरचा भलामोठा ट्रक. रस्ता कुठल्यातरी थंड देशातला. ड्रायव्हर मात्र निपाणीचा, साठी ओलांडलेला, बंडीवर खाकी शर्ट घातलेला.

हे सगळं चालतं त्यांच्या जुन्या तंबाखूच्या वखारीत. तंबाखूचा धंदा अण्णांनी कधीच बंद केला. आता अर्ध्या वखारीत मंडपवाल्याच्या खुर्च्या आणि कापडं असतात, उरलेल्या अर्ध्या वखारीत अण्णांचा महामार्ग. वर माडीवर त्यांची थोरली बहीण चंपाक्का राहते. अण्णांनी लग्न केलं नाही, आक्का नवरा गेल्यावर माहेरी आल्या, आणि तेव्हापासून ही दोघं एकमेकांवर ओरडत सुखानं नांदतायत.

माझं फ्लेक्स आणि पत्रिका छापायचं दुकान वखारीच्या समोरच. आमच्या घरात पाळणा यायच्या आधी पत्रकं आली, असं म्हणायला हरकत नाही. वडील चळवळीतले, हाती छोटा छापखाना. मी अक्षरं गिरवली ती 'जाहीर निषेध'च्या जाड टायपावरून. आणि माझी आजी ह्याच वखारीत तंबाखू चाळायची. मजुरी वाढावी म्हणून ह्याच दारात तिनं घोषणा दिल्या होत्या, अण्णांच्या वडिलांच्या नावानं. त्यामुळं वखारीच्या मालकाविषयी माझी मतं जन्माच्या आधीच ठरलेली होती. अण्णांनी ती एकेक करून बिघडवली.

पहिलं मत बिघडलं ते मालावरून. ह्या गेममध्ये ट्रकात माल भरून दुसऱ्या गावी पोचवायचा असतो. माल काय न्यायचा ते आपण निवडायचं. अण्णा जैन, त्यामुळं मांस नेत नाहीत. दारू नेत नाहीत. मध नेत नाहीत. बटाट्यावर बराच विचार झाला. "खायाचा न्हाय हे खरं, पण व्हायाला काय हरकत?" असं अण्णांचं म्हणणं. प्रकरण माडीवर गेलं. आक्कांनी वरूनच निकाल दिला, "आज व्हाशील, उद्या खाशील!" झालं, बटाटा बंद. आता अण्णा सिमेंट, लाकूड किंवा कापूस मिळेपर्यंत रिकामा ट्रक लावून शांत बसून राहतात.

मी एकदा तोंड सोडलंच. "अण्णा, तंबाखू विकून तुमच्या घरानं माड्या बांधल्या, आणि तुम्ही बटाट्याला घाबरता?"

"म्हणून तर वखार बंद केली की गं," अण्णा म्हणाले. "एकदम सगळं कुठं सुटतंय? ते आधी सुटलं, मग ह्यो बटाटा."

पत्रकात वाढलेल्या माणसाला असं बिनतोड उत्तर फार लागतं.

दुसरी गंमत जेवणाची. घरात दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम. पण गेममधला सूर्य फार घाईचा. भर दुपारी दोनला तिकडं अंधार पडतो. मग वरून आक्कांची हाक येते.

"जिन्नू, ताट वाढलंय!"

"दिवस मावळला आक्का!"

"भाईर ऊन हाय रं, मुडद्या!"

"तिकडं हाय. हिकडं दिवे लावल्यात मी."

मग अण्णा पडद्यावर उजाडेपर्यंत गाडी चालवतात, ट्रक नीट कडेला घेतात, हँडब्रेक ओढतात आणि तेव्हा कुठं जेवायला जातात. ट्रक मागं घेताना ते स्वतःच क्लीनरही होतात. मान मागं वळवून, वखारीच्या भिंतीकडं बघत, कानडीत "बर्री, बर्री, बर्री", म्हणजे या, या, या, म्हणतात आणि पडद्यावरची गाडी भिंतीला लागायच्या बेताला आली की स्वतःवरच ओरडतात, "साकु!" म्हणजे बास.

त्यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला तशीच दुसरी लाल खुर्ची असते. तिच्यावर धुतलेला, घडी घातलेला टॉवेल. मी एकदा टॉवेल उचलून बसायला गेले तर अण्णांनी गाडी चालवता चालवताच हात आडवा घातला. "तिथं न्हाय. पोत्यावर बस." मी पोत्यावर बसले. ही खुर्ची कुणाची, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

तर ह्या गेमचा दुसरा भाग येणार अशी बातमी आली, आणि त्यात आपल्याकडचे रस्ते असणार होते. कंपनीनं एक छोटी जाहिरातफीत काढली. अण्णांनी ती माझ्या दुकानात येऊन मोठ्या पडद्यावर बघितली. लाल माती, दोन्ही बाजूंनी जंगल, वळणावळणाचा रस्ता, आणि क्षणभर एक पाटी दिसली: कणकुंबी. बेळगावहून गोव्याकडं उतरताना लागणारं आमचं कणकुंबी! शिवाय ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी आणखी एक माणूस बसलेला. नव्या भागात म्हणे एकानं गाडी चालवायची आणि दुसऱ्यानं शेजारी बसून मान फिरवून खिडकीबाहेर बघायचं, अशी सोय होती.

"थांबीव, थांबीव!" अण्णा ओरडले. "आता मागं घे. पुन्ना."

पाटी आम्ही पंधरा वेळा तरी बघितली असेल. निदान मला वाटलं की पाटी बघतोय. अण्णांची नजर केबिनवर होती हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वखारीवर फ्लेक्स लागला. मीच छापला. 'कणकुंबी घाटाची गेममध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त ट्रकप्रेमी, निपाणी.' खाली हात जोडलेले समस्त ट्रकप्रेमी, म्हणजे एकटे अण्णा.

फ्लेक्सचा रंग अजून उडाला नव्हता तेवढ्यात एका सकाळी अण्णा दुकानात आले. खाकी शर्टाची बटणं वरखाली लागलेली. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "घाट कापला."

"कुणी? हायवेवाल्यांनी?"

"गेमवाल्यांनी. वेळ पुरला न्हाय म्हणे. घाट न्हाय, आन शेजारची सीट पण न्हाय. नुस्ता सपाट मुलूख देणार हायत."

आता आमच्या सीमाभागातल्या माणसाला नकाशातून काही वगळलं असं सांगायची सोय नाही. दुसरीकडचा माणूस अशा वेळी हळहळतो, शिव्या देतो, दुसरा गेम शोधतो. आमच्याकडं निवेदन तयार होतं. माझं रक्त उसळलं, मी संगणक पुढं ओढला आणि मथळा टाकला: 'वगळलेल्या घाटाचा जाहीर जाब.'

"लई भारी," अण्णा म्हणाले. "तुझ्या आजीनं आमच्या बापाला नमवलं. तिच्या आवाजात लिव्ह. कंपनी काय चीज हाय?"

मी लिहीत गेले. भूगोल ही कुणाच्या बापाची जहागीर नाही, दाखवलेलं परत घेणं हा जनतेचा विश्वासघात आहे, वगैरे. अण्णा वाचत होते आणि मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "पण मागणी नंबर एक चुकली."

"घाट परत द्या. बरोबरच आहे की."

"न्हाय. नंबर एक, दुसरी सीट परत द्या. घाट दोन नंबरला."

"अण्णा, सीटवर कोण पेटून उठणार? घाट म्हणजे अस्मिता, सीट म्हणजे सोय!"

"अस्मिता कोण बसून बघणार? आधी सीट."

मी पुष्कळ भांडले. पत्रकाची धार जाते, मथळ्याशी मागणी जुळत नाही, सगळं सांगून पाहिलं. अण्णा एरवी मऊ माणूस, पण इथं हटेनात. शेवटी मथळाच बदलला: 'दुसरी सीट परत द्या!' मला तो बसच्या तक्रारीसारखा वाटत होता. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत निवेदन तयार झालं.

पण द्यायचं कुणाला? कंपनी परदेशात. ई-मेल मी पाठवला, पण अण्णांना तो पटेना. "समोर माणूस पायजे. हातात दिल्याशिवाय निवेदन कसलं?" मग आम्ही दोघं बेळगावला कॅम्पात गेलो. जिथं अण्णांनी स्टिअरिंग घेतलं होतं त्या दुकानात. दुकानदार फौजेतून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. अण्णांनी झुकून निवेदन पुढं केलं. तो बिचारा उभा राहिला, दोन्ही हातांनी निवेदन घेतलं, मी फोटो काढला.

"साहेब, मी फक्त विकतो, बनवत नाही," तो म्हणाला.

"ते ठावं हाय आमास्नी. पोच द्या."

त्यानं दुकानाचा शिक्का मारून पोच दिली. परतताना बसमध्ये अण्णा इतके खूश होते की निम्मं आंदोलन जिंकल्यासारखं वाटलं.

कंपनी ढिम्म. तेव्हा अण्णांनी एक दिवसाचं लाक्षणिक उपोषण जाहीर केलं. वखारीच्या दारात सतरंजी, मागं माझा फ्लेक्स, पुढं अण्णा. उपास हा त्यांच्या घरात नवा नाही. पर्युषणात ते हसत हसत उपास करतात. पण आक्का माडीच्या खिडकीतून कडाडल्या.

"कंपनीच्या नावानं उपास करतोस व्हय रं? पुण्य कुणाच्या खात्यात जाणार? त्या गोऱ्यांच्या?"

"जाऊंदे की आक्का. पुण्य मिळालं तर सुधारतील."

रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची, फ्लेक्स वाचायची. "कुठल्या बशीची सीट?" असं विचारायची, आणि सगळं ऐकून घेतल्यावर सुद्धा पाठिंबा द्यायची. पाठिंब्याला आमच्याकडं तोटा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारण्याची वेळ झाली. मी वखारीत गेले तर आक्का माडी उतरून खाली आलेल्या. गुडघ्यांमुळं त्या सहसा उतरत नाहीत. हातात मुगाच्या कढणाचं भांडं. नेमकं तेव्हाच माझ्या फोनवर कंपनीचं उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं: तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत, घाट आणि दुसरी सीट सध्या देता येणार नाही, पुढंही देऊ असं वचन देता येणार नाही.

आक्कांनी भांडं माझ्या हातात दिलं.

"म्हंजे मला बसायची सोय न्हाय म्हण की."

"तुम्हाला?" मी विचारलं.

"मग आणि कुणाला?" आक्का म्हणाल्या. "आमच्या आप्पांचा ट्रक हुता गं. कणकुंबीकडं माल जायचा. ह्यो येवढासा, ड्रायव्हरशेजारी बसून जायाचा. मी थोरली. मी रडले, पाय आपटले. आप्पा म्हणाले, पोरीनं ट्रकात बसायचं न्हाय. मी ह्याच दारात उभी. सांजच्याला ह्यो आला आन सांगाय लागला, आक्का, ढग रस्त्यावर उतरल्यालं. म्हणाला, मी ड्रायव्हर झालो की तुला न्हेतो."

"मग गाडी करून गेला नाहीत कधी?"

"आता मला सोसतंय व्हय? हितला जवळचा तवंदीचा घाट लागला की पोटात ढवळाय लागतंय. कोपऱ्यावरच्या रिक्षात सुद्धा पिशवी लागती मला."

अण्णा खालमानेनं म्हणाले, "हितं वळणं लागली तरी खुर्ची हालत न्हाय, म्हणून म्हटलं…"

माझ्या पत्रकातली सगळी अस्मिता त्या वेळी कुठं गेली होती कुणास ठाऊक. मी कढणाचं भांडं पुढं केलं. अण्णांनी कढण पिऊन टाकलं.

आक्का तोवर टेबलाशी पोचल्या होत्या. त्यांनी वाकून टेबलाच्या पायापुढचं एक लिंबू काढून घेतलं, दुसऱ्या खुर्चीवरचा टॉवेल मांडीवर घेतला आणि बसल्या.

"आक्का, घाट न्हाय गं त्यात," अण्णा म्हणाले. "ह्यो जुनाच गेम. सगळा सपाट."

"बरं झालं. तसाबी घाट मला सोसत न्हाय. चल, सरळ रस्त्यानं ने. पर तुझा तो पट्टा कुठाय? मला बांध की."

अण्णा उठले. आपल्या खुर्चीची तार सोडवून बेल्ट काढला, आक्कांच्या खुर्चीला आवळला आणि पदर सारखा करून त्यांना बांधला. टेबल पुढं ढकललं. एकच लिंबू फुटलं. गाडी निघाली.

"दमानं रं," आक्का लिंबू हुंगत म्हणाल्या. "अगंबाई, त्या गाई कुणाच्या?"

"हितल्याच."

"बऱ्या पोसल्यात."

पुढं एक साधं वळण आलं. आक्कांनी डोळे मिटले. अण्णांनी ट्रक बैलगाडीच्या चालीवर आणला. पडद्यावर मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ केला.

"बोंबलूंद्यात," अण्णा म्हणाले, आणि हळूहळू वळण काढलं.

अण्णा स्टिअरिंगवर होते आणि अंगावर बेल्ट नव्हता. गाडीत तो एकच होता.