शेवटचा सूर कोणाचा

शाळेच्या नव्या हॉलच्या उद्घाटनाला मुलांनी आणि गावच्या गायनमेळ्याने एकत्र गायचं ठरलं, तेव्हाच सिनिवाने कपाळाला हात लावला. गाणं रचायचं काम तिचं. ते अवघड नव्हतं. सवाई बेटावरची निम्मी गावं तिच्याच चालींवर गात. अवघड होती ती दोन माणसं. मुलांना गाणं शिकवणाऱ्या मुख्याध्यापिका आनेताबाई, आणि मेळ्याचा म्होरक्या इओसेफो, म्हणजे बाईंचा सख्खा दीर. दोघांमधून विस्तव जात नव्हता.

पहिल्याच तालमीत इओसेफोने जाहीर केलं की गाण्याचा शेवट मोठ्यांनीच करायचा. बाई म्हणाल्या, हॉल शाळेचा, तर शेवटचा सूरही शाळेचा. तालीम तिथेच मोडली.

सिनिवा बाईंच्या घरी गेली. "शेवटची ओळ मुलांचीच," ती म्हणाली. "मेळा थांबला की तुम्ही एकदा घ्या आणि संपवा. फक्त इओसेफोंना कळू देऊ नका." मग ती इओसेफोकडे गेली आणि त्याच तोंडाने त्यालाही सांगून आली की शेवटची ओळ मेळ्याचीच, फक्त बाईंना कळू देऊ नका. ऐन वेळी दोघांपैकी एकजण मोठं मन दाखवील, असा तिचा अंदाज होता. दोघांना जन्मापासून ओळखणाऱ्या सिनिवाने असा अंदाज बांधावा, हे नवलच.

उद्घाटनाच्या दिवशी गाणं झकास रंगलं. सिनिवा पाद्रीबाबांशेजारी चटईवर बसून ऐकत होती. मेळ्याने शेवटची ओळ घेतली. मुलांनी ती उचलली. मुलं थांबताच इओसेफोने मान झटकली आणि मेळ्याने ती पुन्हा घेतली. बाईंनी पदर खोचल्यासारख्या बाह्या सारल्या आणि मुलांना आणखी वरच्या पट्टीत चढवलं.

पाचव्या खेपेला सिनिवा उठून दोन्ही हात हलवू लागली. ती थांबा म्हणत होती. लोकांना वाटलं, टाळ्या मागतेय. सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. तिने घाबरून हात जोरात हलवले, तशी लय दुप्पट झाली. म्हाताऱ्या उठून नाचायला लागल्या. इओसेफोचा चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला होता, पण सूर ढळला नव्हता. बाईंचा अंबाडा सुटला होता.

आता गावात एकाच माणसाचा शब्द चालणार होता, आणि तो डोळे मिटून डोलत होता. सिनिवा पाद्रीबाबांच्या कानाशी वाकली. "बाबा, पंगतीचं डुक्कर भट्टीत करपतंय."

पाद्रीबाबा ताडकन उठले. "आपण प्रार्थना करू."

क्षणात चिडीचूप. प्रार्थना इतकी आटोपशीर गावाने कधी ऐकली नव्हती.

जेवणाच्या पंगतीत सिनिवा मान खाली घालून बसली. दोघं तिच्याकडेच येत होते. इओसेफो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "वहिनींना दमवलं की नाही? शेवटचा सूर आमचा." मागून येणाऱ्या बाईंनी ते ऐकलं आणि त्या हसून म्हणाल्या, "म्हणू दे भाऊजींना. मुलांचा सूर सगळ्यांनी ऐकलाय." आणि कित्येक वर्षांनी त्यांनी दिराच्या पानात आपल्या हाताने मांसाचा मोठा तुकडा वाढला.

सिनिवाने सुटकेचा निःश्वास टाकून पहिला घास घेतला, तोच शेजारच्या गावच्या मेळ्याची प्रमुख लुपे तिला खेटून बसली.

"हेच गाणं आमच्या मेळ्यालाही बसवून दे," लुपे म्हणाली. "फक्त आमचं यांच्यापेक्षा थोडं लांब हवं."