शांताक्का आणि मोत्याचा पाय

आमच्या शेजारच्या शांताक्का दुखण्याला शिव्या घालत. दुखणाऱ्याला नव्हे, दुखण्याला! माझी दाढ सुजली तेव्हा गालासमोर बोट नाचवत म्हणाल्या, "मेल्या, दुसरं घर मिळालं नाही तुला?" मुलुंडच्या आमच्या चाळीत कुणी शिंकलं तरी ही बाई पदर खोचून हजर. वैताग यायचा हो! पण दाढेची सूज उतरली, हेही सांगायला हवं.

एका रविवारी आमच्या मोत्याचा पाय कुंपणाच्या पत्र्याने चिरला. "हळद!" बायको ओरडली. "आणखी दाबा," समोरचे जोशी म्हणाले. मग काय, प्रत्येक बिऱ्हाडातून मूठमूठ हळद आली. कुत्रा जेजुरीहून आल्यासारखा दिसायला लागला. वर लाल काही दिसेना, तसे आम्ही खूश.

"झोपला बघा शांत," मी म्हणालो.

"झोपला? तुका काय कळता!" शांताक्का मधे घुसल्या. मोत्याचा ओठ वर करून त्यांनी हिरड्या पाहिल्या. पांढऱ्याफटक! पायाखालची गोधडी चाचपली, तर चिंब. हळदीआडून रक्त वाहतच होतं.

त्यांनी दोरीवरचं आपलं धुतलेलं लुगडं ओढलं आणि घडी करून जखमेवर दाबून धरलं.

"थांबलं का बघू?" मी विचारलं.

"उघडून बघितलंस तर हात मोडीन! घरचं औषध पुरे झालं. टांगा आण."

"आज रविवार. उद्या सकाळी नेऊ की," जोशी म्हणाले.

"उद्या काय नेताय, पुरायला?"

टांग्यात त्यांचा हात तसूभर हलला नाही, आणि तोंड क्षणभर थांबलं नाही. "खबरदार वाहशील तर!" असा त्या रक्तालाच दम देत होत्या. टांगेवाला सारखा दचकून मागे बघायचा. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्यांनी भरल्या ताटावरून उठवलं. काय बाई! पायच धरावेसे वाटले मला.

डॉक्टरांनी शीर बांधली, टाके घातले. म्हणाले, "वाचेल. वेळेवर आणलात."

मला रडूच फुटलं. म्हटलं, "आक्का, तुम्ही होतात म्हणून! आम्ही उद्यावरच टाकत होतो."

त्या बाकावर टेकल्या. हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांना गावी रक्ताची उलटी झाली, तेव्हा घरातले सगळे म्हणाले, सकाळी नेऊ. मला दिसत होतं रे, सकाळ काही ते बघत नाहीत. पण मी नवी सून. दाराआड उभी राहिले. एक शब्द ओरडले नाही."