निरोगी माणसाचा नमुना

डोकेदुखीची ॲस्पिरिनची गोळी डोकं दुखायचं थांबवते, पण रक्ताचं तोंड बंद करते, ही गोष्ट शास्त्राला मान्य आहे. रक्तातल्या प्लेटलेट जखम दिसली की आपल्याच अंगच्या चरबीतून एक पदार्थ बनवतात आणि बाकीच्यांना हाक घालतात, "धावा गं, इकडे गळतंय!" एक गोळी घेतली की त्या प्लेटलेटची ती हाक बंद, ती थेट मरेपर्यंत. म्हणजे साधारण दहा दिवस. (एवढं मौन माणसांनी पाळलं तर गोळीच लागणार नाही.)

प्लेटलेटच्या बिघाडावर प्रबंध लिहिणाऱ्या प्रयोगशाळेतल्या ताईंना तुलनेसाठी हवा होता फक्त एक माणूस, दहा दिवसांत गोळी न घेतलेला. तो महिनाअखेरपर्यंत मिळाला नाही तर डॉक्टरेट वर्षभर लांबणार होती. वर्ष! नुसत्या विचारानेच त्यांचं कपाळ ठणकायचं.

हेडक्लार्क म्हणाले, "मी? गोळीला शिवतसुद्धा नाही." त्यांच्या प्लेटलेट मुक्या निघाल्या. रखवालदाराच्या मुक्या. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती," म्हणणाऱ्या सासूबाईंच्या तर ठार मुक्या. (हा निष्कर्ष घरी कळवलेला नाही. संशोधकालाही दोन घास सुखाने खायचे असतात.)

शेवटी ताईंनी स्वतःच दात-ओठ आवळून गोळी सोडली. नवव्या दिवशी साहेबांनी मीटिंग बोलावली, "फक्त पाच मिनिटं" म्हणून. दुपार कलली तेव्हा सगळा विभाग पाण्याच्या नळापाशी रांगेत उभा होता, प्रत्येकाच्या तळहातावर एकेक गोळी. ताईंच्या हातावर दोन.

आता उरले साहेब.

"डोकं दुखतं म्हणजे नेमकं काय होतं हो?" त्यांनी अस्तनी वर सारत कुतूहलाने विचारलं.

रक्त अस्सल निघालं! जरा टोचलं की साहेबांच्या प्लेटलेट आरडाओरडा करून सभा भरवत होत्या. ताईंना रडू आलं, ते आनंदाचंच असावं. प्रबंधात 'निरोगी, सामान्य मनुष्य' या रकान्यात साहेब गेले आणि बाकी सगळी इमारत 'बिघाड' या रकान्यात. डॉक्टरेट मिळाली. अभिनंदनाची मीटिंग साहेबांनी लगेच बोलावली.

तेव्हा वाचकहो, तुम्ही गोळी घेत असाल तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. आणि तुमचं डोकं कधीच दुखत नसेल तर उत्तमच. फक्त घरात गोळ्यांचं पाकीट इतक्या लवकर का संपतं, ते एकदा घरच्यांना विचारा.