बाथरूममधला भाडेकरू

घर विकत घेण्याआधी ते एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावं, असं बायकोचं म्हणणं होतं. घरातच जाणकार माणूस असताना बाहेरचा कशाला, असं त्याचं. हा घरातला जाणकार म्हणजे तो स्वतः, हे बायकोच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. (लक्षात आल्यावर ती नुसती हसली. तिथंच त्यानं सावध व्हायला हवं होतं.)

तसा तो विमा कचेरीत कारकून. लोकांनी केलेल्या दाव्यांत खोट काढायची, हे त्याचं काम. त्यात तो इतका तरबेज झाला होता, की कचेरीत सगळे त्याला शंकासुर म्हणत. त्यालाही ते बढती मिळाल्यासारखंच वाटे. संसार मात्र अजून भाड्याच्या घरात होता, कारण पाहिलेलं प्रत्येक घर शंकासुराच्या परीक्षेत नापास होत गेलं. एक घर त्यानं जिना करकरतो म्हणून सोडलं. दुसऱ्याचा जिना करकरत नव्हता, म्हणून ते सोडलं. "म्हणजे नुकताच दुरुस्त केलेला दिसतोय. का केला असेल?" असं त्याचं म्हणणं.

आताचं घर गल्लीच्या टोकाला होतं. खाली दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि बाथरूम, मागे हातरुमालाएवढं अंगण. बायकोनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती खिडकीत जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ तिथंच राहिली. परत येताना म्हणाली, "हे घ्यायचं. यात खोट काढलीत तर मी एकटी राहायला जाईन."

"अगं, पण तपासायला तर हवं!"

"तपासा. पण तोंड बंद ठेवून तपासा."

मालकीणबाई निवृत्त पी.टी. शिक्षिका होत्या. आयुष्यभर मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असं बोलल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नसे. धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं म्हणून त्या घर विकत होत्या. आणखी एक जोडपं घर बघायला येणार आहे, जो आधी पक्कं सांगेल त्याला मी घर देणार, असं त्यांनी दारातच जाहीर केलं. शेजारच्या दोन घरांतही ते जाहीर झालं.

बायको त्याच्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "हो म्हणून टाकूया."

"तपासल्याशिवाय?" शंकासुरानं पिशवी उघडली. पिशवीत टॉर्च होता, लाकडी हातोडी होती आणि काचेची गोटी होती. फरशीला उतार आहे का, ते गोटीवरून कळतं, असं त्यानं एका व्हिडिओत पाहिलं होतं. त्यानं गोटी दिवाणखान्यात सोडली. ती थेट सोफ्याखाली गेली आणि पाठोपाठ तोही गेला.

"काय हरवलं?" बाईंनी विचारलं.

"उतार बघतोय," सोफ्याखालून उत्तर आलं.

"सोफ्याखाली?"

मग त्यानं फरश्यांवर हातोडीनं टकटक केली, भिंतींना कान लावला, कपाटांत डोकं घातलं. काही सापडेना. त्याला घाम फुटला. इतकं निर्दोष घर त्यानं आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळेच त्याचा संशय बळावत चालला होता. शेवटी तो वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये शिरला.

दार चौकटीत नीट बसतं का, हे बघायला त्यानं मूठ धरून ते जोरात लावलं. दार फार छान बसलं. इतकं छान, की आतली मूठ त्याच्या हातात आली आणि बाहेरची मूठ बाहेरच्या फरशीवर खणखणली. दुसरा कोणी असता तर त्यानं इथं हाका मारल्या असत्या. पण आपण आत अडकलो हे बायकोला कळण्याआधी निदान पाण्याचा दाब तरी तपासून घ्यावा, असा विचार त्यानं केला. त्यानं शॉवर सोडला. दाब उत्तम होता. बंद करायला गेला, तर नळाची चकतीही निघून हातात आली.

आता त्याच्या एका हातात मूठ होती, दुसऱ्या हातात चकती, आणि डोक्यावर पाण्याची धार.

"अगं! अगं ए!"

त्याच वेळी खाली ते दुसरं जोडपं येऊन पोहोचलं होतं. नवरा आडव्या अंगाचा, बायको सडसडीत आणि सावध. बाई त्यांना घेऊन थेट वर आल्या, पाठोपाठ शंकासुराची बायको आली. बंद दाराआड धबधबा कोसळत होता.

"आत कोणी आहे का?" सावध बाईनं विचारलं.

"हो, एक गृहस्थ आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "केव्हाचे आत गेलेत. बाहेर यायचं नावच घेत नाहीत."

आडव्या अंगाच्या नवऱ्यानं आपल्या बायकोकडे पाहिलं. पुढे होऊन त्यानं दारावर टकटक केली. "अहो, बाहेर या जरा."

"मला बाहेर निघता येत नाही!" आतून आवाज आला.

"का नाही येत?"

"तुम्हीच सांगा कसा निघू! दार फोडल्याशिवाय मी इथून हलू शकत नाही!"

सावध बाईचा चेहरा उतरला. "हे... इथंच राहतात?"

मालकीणबाई मूठ निघालेल्या भोकाला डोळा लावून बघत होत्या, त्यांनी प्रश्न नीट ऐकलाच नाही. "अहो, सगळं पाणी हेच वापरतायत!" त्या कळवळून म्हणाल्या. "मी काय करू? मी एकटी बाई!"

"भाडेकरू!" सावध बाई कुजबुजली. "घुसलेला भाडेकरू! चला, चला आधी इथून."

शंकासुराच्या बायकोला एकदम उलगडा झाला. क्षणभर (फक्त क्षणभर, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं) तिला वाटलं की गप्प बसावं. पण ती तशी बाई नव्हती. ती त्यांच्या मागोमाग जिना उतरून फाटकापर्यंत धावली. "अहो थांबा, तो भाडेकरू नाही, तो माझा नवरा आहे!"

सावध बाईनं गाडीत बसता बसता तिचा हात हातात घेतला. डोळ्यांत खरी कळकळ होती. "असं का? म्हणजे तुम्ही दोघं राहता होय इथं? बघा हो ताई, त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईचा विचार करा. सोडा ते घर." आणि गाडी निघून गेली.

वर मालकीणबाईंनी सूत्रं हातात घेतली होती. "घाबरू नका! खोल श्वास घ्या! दारापासून लांब व्हा!"

"किती लांब?"

"मागे! आणखी मागे!"

तो मागे सरकला आणि त्याचा पाय बादलीत गेला. तेवढ्यात "एक! दोन!" झालं, बाईंचा खांदा दारावर बसला, खटका तुटला आणि दार सताड उघडलं. आत शंकासुर एका पायात बादली घालून, दोन्ही हातांत घराचे सुटे भाग घेऊन उभा होता. बाईंनी खाली जाऊन अंगणातला मोठा व्हॉल्व्ह बंद केला, आणि एवढा वेळ कोसळणारा धबधबा एकदाचा थांबला.

तेव्हा कुठे त्याला खालचा दिवाणखाना आठवला. तो बरोबर बाथरूमच्या खाली होता. बाईंचा सोफा, पुस्तकांचं कपाट, भिंतीवरचे फोटो! इतकं पाणी! त्याचं तोंड पांढरं पडलं. आजवर दुसऱ्यांच्या घरातल्या ओलीबद्दल त्यानं किती तुच्छतेनं शेरे लिहिले होते! आता आपल्या हातानं एका एकट्या बाईचं घर भिजवलं. घर तर गेलंच, आणि खिडकीत उभी राहिलेली बायकोही गेली, असं त्याला वाटलं.

"बघ ना गं खाली," तो बायकोला म्हणाला. त्याच्यानं जिना उतरवेना.

ती गेली. खालून सोफा सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "कोरडं आहे!"

"नीट बघ! कोपऱ्यात बघ! दिव्याच्या भोवती बघ!"

"सगळीकडे बघितलं! ठणठणीत कोरडं!"

तो बादलीसकट जिन्यावरून खाली धावला. छताला हात लावता येईना, म्हणून खुर्चीवर चढला. ओल नाही, डाग नाही, पोपडा नाही. वर बाथरूममध्ये पाणी केव्हाच मोरीतून निघून गेलं होतं. कोणत्याही तपासनीसानं एवढं पाणी ओतून घर तपासलं नसतं. त्याच्या छातीवरचं ओझं असं उतरलं, की तो खुर्चीवर उभ्या उभ्याच हसायला लागला. मग बायको हसली. मग बाई हसल्या, आणि शेजारच्या दोन्ही घरांच्या खिडक्या उघडल्या.

"घेतो," तो म्हणाला. "हे घर आम्ही घेतो. पक्कं."

बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि मग त्याच पदरानं त्याचं डोकं पुसलं.

"दार आणि नळ मी नीट करून देते," बाई म्हणाल्या. "ती मूठ ढिली आहे हे मी सांगणारच होते. पण हे सोफ्याखालून निघाले तर सांगणार ना!"

ओले कपडे वाळत घातले गेले, आणि शंकासुर बाईंच्या जुन्या, निळ्या, बाजूला पांढरे पट्टे असलेल्या ट्रॅकसूटमध्ये चहा प्यायला बसला. ट्रॅकसूट त्याला आखूड होता. पण आता त्याला कशाचीच खंत नव्हती. उलट छताकडे बघत तो समाधानानं मान डोलावत होता, जणू ते त्यानंच बांधलं होतं.

बाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग बायकोकडे वळल्या. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी आवाज अगदी हळू केला होता.

"काय गं, यांनी माझं घर एवढं ठोकून ठोकून तपासलं. लग्नाआधी तुझ्याकडून कोणी यांना तपासलं होतं का?"

"वडील आले होते ना बघायला," बायको कपात साखर ढवळत म्हणाली. "पण त्यांनी बाहेरूनच बघितलं. रंग बरा वाटला. म्हणाले, किरकोळ दुरुस्ती निघेल, ती नंतर करून घे."

"मग? घेतलीस करून?"

"कुठं हो बाई," तिनं सुस्कारा सोडला. "या कामाला माणूसच मिळत नाही."