भूकंपबाईंची उडी

भूकंपबाईंना त्या दिवशी सकाळपासून एकच धास्ती होती. मुख्यालयाचे संचालक पाहणीला येणार होते, आणि पाहणी झाली की त्यांचा जनजागृती कक्ष बंद होणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं.

बाई वेधशाळेच्या जनजागृती अधिकारी. गावामागे ज्वालामुखी, पायाखाली वर्षाला दोन-चार हादरे, आणि गाव असं निवांत की विचारू नका! बाईंनी अकरा वर्षं दर आठवड्याला घसा फोडून व्याख्यानं दिली. श्रोते सरासरी तीन. त्यातला एक पंख्याखाली झोपायला यायचा आणि दुसरा श्रोता म्हणजे बाईंच्या स्वतःच्या सासूबाई. त्या झोपत नसत, पण स्वेटर विणत. "लोकांना शिकायचंच नाही, मग कक्ष कशाला?" असं संचालकांनी पत्रात विचारलं होतं.

जाता जाता एक तरी झकास प्रात्यक्षिक दाखवावं म्हणून त्यांनी शाळेची दीडशे मुलं बोलावली. मुलांनी उड्या मारायच्या आणि पडद्यावर भूकंपमापकाची रेघ नाचताना बघायची, एवढाच बेत. पण ऐन वेळी प्रात्यक्षिकाचं यंत्र रुसलं.

"काळजीच सोडा बाई," तंत्रज्ञ म्हणाला. "तळघरातलं खरं यंत्र जोडून देतो. रेघ काय, तीच दिसणार."

"पण गावाला इशारा-बिशारा जाणार नाही ना?"

"छे हो! दीडशे पोरांच्या उडीनं कुठे भूकंप होतो?"

होत नाही, कबूल. पण हे यंत्राला कोण सांगणार? संचालक तिसऱ्या मजल्यावर चहा घेत होते. खाली बाई "एक, दोन, तीन!" म्हणाल्या, तीनशे बूट एकदम जमिनीवर आदळले आणि रेघ पडद्याबाहेर गेली. "पुन्हा! पुन्हा!" पोरं ओरडली. बाईंनाही चेव चढला. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि स्वतःही सणसणीत उडी मारली. त्याबरोबर गावातले सगळे भोंगे बोंबलायला लागले.

खिशाखिशातले फोन किंचाळले. मुलं क्षणात टेबलांखाली गेली. तंत्रज्ञानं नियमाप्रमाणे मेन स्विच खाली ओढला. बाईंचा फोन वाजला. मुख्यालयातून विचारणा होती.

"किती तीव्रतेचा?"

"पाचवी ते सातवी," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"सातवी? अरे देवा!"

"इयत्ता हो साहेब, इयत्ता! मुलांनी उड्या मारल्या!"

पलीकडून आवाज आला, "आधी लोकांना घरी पाठवा. बाकीचं नंतर बोलू."

मुलांना मैदानात आणायचं काम शाळेच्या बाईंवर सोपवून भूकंपबाई कर्णा घेऊन तंत्रज्ञासह मैदानाकडे धावल्या. आता गाव आपल्याला सोलून काढणार, याची त्यांना खात्री होती. पण मैदानाशी आल्या आणि जागीच थबकल्या. सगळं गाव तिथे हजर! भिंतींपासून लांब, ओळीनं बसलेलं. प्रत्येकाजवळ पाणी, टॉर्च, औषधांची पिशवी. न्हाव्यासमोर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बसलं होतं. पंख्याखाली झोपणारा माणूस टक्क जागा होता आणि डोकी मोजत होता. बाईंना रडूच फुटलं.

"मंडळी," त्यांनी नाक पुसून कर्णा तोंडाला लावला, "भूकंप झालेला नाही! घरी जा!"

कोणी हललं नाही.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "पहिल्या हादऱ्यानंतर लगेच घरात शिरू नये, असं तूच सांगतेस ना?"

"अहो आई, पहिला हादराच झाला नाही!"

"ही अफवा असू शकते," न्हावी म्हणाला. "सही-शिक्क्याचं पत्र दाखवा. तुमचाच नियम आहे."

"पण तुम्ही तर एकाही व्याख्यानाला आला नाहीत!"

"यायला कशाला पाहिजे? तुमचा लाउडस्पीकर अख्ख्या बाजारात ऐकू येतो. अकरा वर्षं कान किटलेत, बाई. गिऱ्हाइकांचंसुद्धा पाठ झालंय!"

पत्रावर सही संचालकांची हवी. पण संचालक होते कुठे? डोकी मोजणारा गंभीरपणे म्हणाला, "वेधशाळेचा एक माणूस कमी भरतोय."

बाई, तंत्रज्ञ आणि सासूबाई उलट पावली पळाले. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून दार बडवल्याचा आवाज येत होता. तंत्रज्ञानं स्विच वर केला. लिफ्ट खाली आली आणि घामानं निथळलेले संचालक बाहेर पडले.

"लिफ्टनं?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, एवढ्याशा पोरालाही कळतं हो!"

संचालकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खिडकीतून मैदान बघून मात्र ते खूश झाले. पत्रावर सही-शिक्का केला, तंत्रज्ञाला ते घेऊन मैदानावर पिटाळलं, आणि फाईल उघडून मोठ्यानं वाचत लिहिलं, "लोक पूर्ण तयार आहेत. सबब, कक्षाची आता गरज उरलेली नाही."

बाईंचा चेहरा पडला. अकरा वर्षांचं चीज झालं होतं, आणि त्याच चिजापायी काम जाणार होतं. त्यांनी कपाटातून कोरा तक्ता काढला.

"साहेब, मग आजच्या अहवालावरही सही हवी. मैदानात न पोचलेली माणसं, ती कुठे सापडली आणि का, हे नियमानं लिहावं लागतं. वेधशाळेच्या दारावर आठवडाभर लावतो आम्ही." त्या क्षणभर थांबल्या. "एकच नाव आहे."

संचालकांनी तक्त्याकडे पाहिलं. सासूबाईंकडे पाहिलं. मग आपलं वाक्य खोडून त्यांनी नवं लिहिलं: "काही घटकांना अजून शिकवण्याची नितांत गरज आहे. कक्ष चालू ठेवावा."

"कुठले घटक हो?" मैदानावरून धापा टाकत परतलेल्या तंत्रज्ञानं भाबडेपणानं विचारलं.

संचालकांची बॅग वरच राहिली होती. ती आणायला ते तिसऱ्या मजल्यावर गेले, जिन्यानं.