आजीवर गेलेली काकडी

वडघर संशोधन केंद्रातली काकडी वीतभर झाली की आपल्या रंगाचं कारण लेखी मागते, आणि ते सात दिवसांत द्यावं लागतं.

एरवी यात काही कटकट नसते. ‘आई हिरवी, बाप हिरवा’ असं लिहून दिलं की काकड्या गप्प बसतात. पण यंदा चाळीस वेलींच्या वाफ्यात तेविसाव्या वेलीची काकडी पांढरीफटक निघाली, आणि तिचा अर्ज सरळ इंदुमती रहाटे यांच्या अब्रूवर आला. ‘मी पांढरी कशी? माझ्या आईच्या फुलात परकी मधमाशी शिरली होती का, याचा खुलासा व्हावा.’

रहाटेबाई एकतीस वर्षं एकच काम करत होत्या. उद्या उमलणारं फूल आज संध्याकाळी दोऱ्याने बांधायचं, सकाळी सोडून ठरलेला पराग लावायचा, पुन्हा बांधायचं. त्यांची गाठ कधी सुटली नव्हती.

“शनिवारी तुम्ही निवृत्त होताय,” केंद्रप्रमुख डॉ. भाटकर म्हणाले. “त्याआधी खुलासा झाला नाही तर तुमच्या सगळ्या गाठी संशयास्पद धराव्या लागतील. मला वाईट वाटतं, पण नियम आहे.”

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या तडक वाफ्यावर गेल्या.

“माझी गाठ सुटली नाही गो बाय. तुझी आजी पांढरी होती. हिरवा रंग दांडगा, ओटीवर तोच मिरवतो. पांढरा बिचारा माजघरात बसून असतो. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच बाहेर पडतो.”

“मग आजीला बोलवा. ती सांगेल.”

बाई ओशाळून म्हणाल्या, “खोटं कशाला बोलू? बी काढून घेतलं आणि तिच्या किसात रवा-गूळ घालून धोंडस केलं. साहेबांनी दोन वड्या खाल्ल्या.”

“तीन,” मागोमाग वाफ्यावर आलेले भाटकर म्हणाले. खरेपणाला ते पक्के होते. “ते राहू दे. वेली मोजा. गाठ शाबूत असेल तर चाळीसात दहा पांढऱ्या हव्यात. शेजारच्या पांढऱ्या वाफ्यातून माशी आली असेल तर वीस. इथे तर एकच दिसते.”

“दिसणार कशा? लोक काय म्हणतील म्हणून पानाआड बसल्यात मेल्या!” बाईंनी पदर खोचला आणि सगळ्या वाफ्याला ऐकू जाईल असा आवाज लावला. “ऐका गो! तुमची आजी पांढरी होती आणि गुळासारखी गोड होती. देठाशीसुद्धा कडू नव्हती. तिच्यावर गेलात त्यात लाजायचं काय?”

सातव्या वेलीचं पान हललं. मग अकराव्या वेलीचं. पांढऱ्या काकड्या एकेक करून उजेडात आल्या. बाई बोटांवर मोजत होत्या. आठ, नऊ, दहा. बाईंनी सुस्कारा सोडला, तोच बांधाकडच्या वेलीवर आणखी एक दिसली.

“अकरा,” भाटकर म्हणाले. “दहा हव्यात.”

“साहेब, लेकरं काय मापाने होतात?”

भाटकरांनी बराच विचार केला आणि वहीत ‘चालेल’ असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘आजीवर गेली.’ काकडीने ते दोनदा वाचलं आणि सही केली.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “तुमच्या निरोपाला धोंडस कोण करणार?”

“मीच. दुसरं कोण आहे?”

“मग मी येते. पण शनिवारपर्यंत मी पिकत नाही.”

बाईंनी त्याच दुपारी अर्ज दिला आणि निवृत्ती एक महिना पुढे ढकलून मागितली. कारण, काकडी पिकायची आहे. भाटकरांनी तो उभ्याउभ्याच मंजूर केला आणि खाली लिहिलं, ‘गूळ बेताचा घालावा.’